१८ नंबरचा गडी

२६ नोव्हेंबर २०१५, ओरलँडो

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. लॅबला कुलूप, कँपस ओस. रूममेट म्हणाली, आपल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचं तिकीट फुकट आहे, घरी बसून काय करणार? गेले तिच्याबरोबर. समोर शेजारचं साउथ फ्लोरिडा, म्हणजे आमचं हाडवैर. ४४-३ ने हरलो. यंदाचे बाराच्या बारा सामने हरलो. जुने प्रशिक्षक जॉर्ज ओ'लिअरी हंगाम संपायच्या आधीच पद सोडून गेले. तिसऱ्या क्वार्टरला स्टँड निम्मा रिकामा झाला होता. आम्ही मात्र शेवटपर्यंत बसलो, मला नियम कळत नव्हते तरीही.

लिहायचं आहे ते वेगळंच. कडेला उभ्या पोरांमध्ये एक जण होता, पाठीवर १८. शेजारचा मुलगा म्हणाला, हा शकीम ग्रिफिन. शकील आणि शकीम, जुळे भाऊ. शकील खेळतो, हा बहुतेक बाहेरच असतो. मग त्याने पाण्याची बाटली उचलली तेव्हा दिसलं. डावा हात मनगटापाशी संपतो.

माझी नजर तिथेच खिळली. घरी आल्यावर त्याची लाज वाटली. नानांकडे लोक असेच बघतात आणि मला ते लहानपणापासून खुपतं. आज मी स्वतः तेच केलं.

१८ डिसेंबर २०१६

वर्षभर या वहीत फुटबॉलबद्दल काही लिहिलं नाही, पण डोक्यात तोच होता. काल क्युअर बोल, म्हणजे हंगामाअखेरचा खास सामना, हरलो, आर्कान्सा स्टेटकडून, ३१-१३. एकूण ६ जिंकले, ७ हरले. मागच्या वर्षीच्या शून्यानंतर हे सहा काय वाटतात ते त्या थंडीत ४४-३ बघत बसलेल्यालाच कळेल.

नवे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट आले आणि शकीमला मागच्या फळीतून, सेफ्टीच्या जागेवरून काढून लाइनबॅकर केलं. बस, तेवढंच. तीन वर्षं जो कडेला उभा होता त्याने एका हंगामात ९२ टॅकल केले, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडलं, आणि साडेअकरा सॅक केले. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याने, चेंडू सोडायच्या आत त्याला मैदानावर पाडायचं. आमचं विद्यापीठ तेव्हा ज्या गटात खेळायचं त्या अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्सचा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू तो ठरला.

आज नानांना सगळं सांगितलं. वर्षभर टाळत होते, कारण हाताचा विषय निघाला असता. आमच्या घरात तो निघत नाही. नाना तेवीस वर्षांचे असताना कडबाकुट्टीत त्यांचा डावा पंजा गेला. त्याआधी ते वाळवा तालुक्यात कबड्डीतला डावा कोपरा म्हणून ओळखले जायचे. घोटा धरायला दोन पंजे लागतात, म्हणून त्यांचा खेळ त्या दिवशी संपला. घरातल्या एकूण एक फोटोत त्यांचा डावा हात उपरण्याखाली आहे.

लाइनबॅकर समजावून सांगायला मला कबड्डीचाच आधार घ्यावा लागला. पुढे धिप्पाड माणसांची भिंत एकमेकांना रेटत असते. तिच्या मागे दोन-चार पावलांवर हा उभा. चेंडू कोणाकडे जाणार, तो माणूस भिंतीच्या कुठल्या फटीतून निघणार, हे पापणी लवायच्या आत ओळखायचं आणि त्या फटीत त्याच्या आधी पोचायचं. कधी मागे पळून पास अडवायचा, कधी थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं.

नाना गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "बघतो कुठं त्यो? डोळ्याकडं का कमरंकडं?"

मला ठाऊक नव्हतं. लॅपटॉपवर एक सामना फोनसमोर धरला आणि तीन चाली दाखवल्या. म्हणाले, "कमरंकडं बघतोय. शिकीवलंय कुणीतरी नीट. चढाईवाला डोळ्यानं फशिवतो, मानंनं फशिवतो. कंबर फशवत न्हाई."

पुढे स्वतःच विचारलं, हात कसा गेला. मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. जन्माआधी गर्भपिशवीतला एक पापुद्र्यासारखा धागा हाताभोवती आवळला गेला, त्यामुळे बोटं वाढलीच नाहीत, मऊ राहिली. काही लागलं की ठणका. चार वर्षांचा असताना एका रात्री आईला तो स्वयंपाकघरात सापडला, हातात सुरी, आपली बोटं आपणच कापायला निघालेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पंजा काढला.

नानांनी फोन खाली ठेवला असावा, मला नुसतं छताचं आढं दिसत होतं. थोड्या वेळाने आवाज आला, "आनि बा काय म्हणाला तेचा?"

बापाचं सांगताना मलाही उमेद आली. टेरी ग्रिफिन. सेंट पीटर्सबर्गला गाड्या टो करायचं काम. पोराला वजन उचलता यावं म्हणून त्याने लाकडाचा ठोकळा केला. डावा हात आखूड पडतो, तर बार त्या ठोकळ्यावर टेकवायचा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. दोन्ही पोरांना एकच सराव, एकालाही सूट नाही. मोठा भाऊ (एका मिनिटाने मोठा) त्याहून पक्का. मोठमोठी विद्यापीठं शकीलला घ्यायला तयार होती, पण धाकट्याला घेणार नसाल तर मीही येत नाही, असं त्याने सांगितलं. आमच्या विद्यापीठाने दोघांना घेतलं.

नानांनी विचारलं, "ठोकळा कसल्या लाकडाचा?"

२३ सप्टेंबर २०१७

इर्मा वादळाने आठवडाभर सगळं बंद होतं. स्टेडियममध्ये खेळाडूंऐवजी नॅशनल गार्डचे जवान होते, जॉर्जिया टेकचा सामना रद्दच झाला. घरी वीज नव्हती, आईचे फोन लागत नव्हते. आज मेरीलँडला त्यांच्याच मैदानावर ३८-१० ने हरवलं. नोकरीतला माझा पहिला पगारही याच आठवड्यात झाला. शकील सिॲटलला, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये. जन्मापासून पहिल्यांदाच दोघे वेगळ्या संघांत आहेत. शकीम एकटा कसा खेळेल, ही माझी भीती होती. ती आज गेली.

२४ नोव्हेंबर २०१७

४९-४२! माइक ह्यूजने त्यांनी लाथेने मारलेला चेंडू (किकऑफ) ९५ यार्ड पळवत परत आणला आणि मी अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडले. ११-०. दोन वर्षांपूर्वी याच साउथ फ्लोरिडाने, याच आठवड्यात, याच मैदानावर आमचं काय केलं होतं! हे लोखंडी स्टेडियम उड्यांनी हलतं म्हणून याला बाउन्स हाउस म्हणतात. आज माझ्या पायाखालची पट्टी खरंच वर-खाली होत होती.

१ जानेवारी २०१८

आजचं नीट लिहून ठेवते.

अटलांटाला पीच बोल, समोर ऑबर्न. या ऑबर्नने नोव्हेंबरात जॉर्जियाला हरवलं, दोन आठवड्यांनी अलाबामाला हरवलं, आणि तीच जॉर्जिया आणि अलाबामा आता विजेतेपदाच्या चौघांत आहेत. आम्ही बारापैकी बारा जिंकूनही निवड समितीने बाराव्या क्रमांकावर ठेवलं. कारण काय, तर तुमचे प्रतिस्पर्धी दुबळे. मग आम्हाला तगड्यांशी खेळायला देणार कोण? या अन्यायाचा राग मला महिनाभर पुरला आहे. त्यात फ्रॉस्ट नेब्रास्काला जाणार हे आधीच ठरलेलं. तरी या शेवटच्या सामन्यासाठी ते पोरांबरोबर थांबले.

तिकडे रात्रीचे अकरा. नाना जागे राहिले होते. फोन टीव्हीसमोर उभा केला आणि आम्ही दोघांनी अख्खा सामना बघितला. मध्ये मध्ये चित्र अडकायचं, मग मी तोंडाने सांगायचे.

समालोचक पुन्हा पुन्हा हाताबद्दल बोलत होते. एक हात असूनही, एक हात असूनही. माझं सगळं लक्ष त्याच्या पावलांकडे होतं. चेंडू सुटायच्या आधी तो टाचा उचलतो, अंगाचा भार चवड्यांवर घेतो. भिंतीतला धिप्पाड गडी त्याला अडवायला येतो तेव्हा खांदा इतका खाली नेतो की त्या माणसाच्या हाती काही लागतच नाही. मग सरळ ऑबर्नच्या क्वार्टरबॅकवर, स्टिडमवर. डावा हात पाठीमागून कोयत्यासारखा फिरतो, उजवा पंजा समोरून जर्सी धरतो आणि दोघे खाली. हे बघताना "असूनही" हा शब्द मला चुकीचा वाटला. तो वेळेत पोचतो म्हणून पकड होते. उशीर झाला असता तर दोन पंजांनीही झाली नसती.

नाना मोठ्याने ओरडले, "पडला! पडला!" मागून काकूंचा आवाज, "अवो, पोरं झोपल्यात."

१२ टॅकल, दीड सॅक. सामन्याचा सर्वोत्तम बचावपटू. ३४-२७. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ऑबर्नचा पास आमच्या पोराने एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या शेवटच्या पट्ट्यात, पकडला आणि संपलं. १३-०. देशात एकही सामना न हरलेला एकच संघ, आमचा.

फोन ठेवताना नाना म्हणाले, "उद्या तालमीतल्या पोरास्नी सांगतो." त्यांनी तालमीचं नाव काढलं! पंचवीस वर्षं ते तिथल्या कट्ट्यावर बसतात, मातीत उतरत नाहीत.

४ मार्च २०१८

एनएफएलच्या निवड चाचणीला त्याला आधी बोलावलंच नव्हतं. सीनिअर बोलच्या आठवड्यात तो इतका चांगला खेळला की बोलावणं भाग पडलं. काल इंडियानापोलिसला कृत्रिम हात लावून १०२ किलोचा बार २० वेळा उचलला. आज ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, ४.३८ सेकंदांत. २००३ पासूनच्या नोंदींत एवढ्या वेगाने कुठलाही लाइनबॅकर धावलेला नाही.

ऑफिसात सगळे तो बार उचलल्याचा व्हिडिओ बघत होते. मी ४० यार्डांचा बघत होते. पहिल्या दहा यार्डांत मान वर येत नाही त्याची.

२८ एप्रिल २०१८

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तो टेक्सासला ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या जागी, घरच्यांसोबत, नाव पुकारायची वाट बघत. मी दोन रात्री नीट झोपले नाही. आज शनिवारी पाचव्या फेरीत, १४१ वं नाव. सिॲटल सीहॉक्स. भावाचाच संघ! १४० वेळा त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी घेतलं याचं दुःख मला सिॲटल ऐकेपर्यंत होतं, नंतर राहिलं नाही.

१२ जानेवारी २०२०

सिॲटलला गेल्यापासून बऱ्याच वेळा त्याला किकच्या वेळीच मैदानात धाडतात. पहिल्या सामन्याला सुरुवातीपासून खेळवलं, मग ती जागा गेली. कॉलेजातला तारा तिथे गेला की रांगेत शेवटी उभा राहतो. मला त्रास होतो, पण त्याची तक्रार कधी ऐकली नाही.

आज ग्रीन बेमध्ये प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. त्यांच्या क्वार्टरबॅकला, ॲरन रॉजर्सला, दोन्ही भावांनी मिळून पाडलं, सॅक अर्धा-अर्धा नोंदला गेला. सामना २८-२३ हरलो. तरी ती चाल नानांना पाठवली. उत्तर एका शब्दाचं: "साखळी."

दोन गडी हातात हात गुंफून चढाईवाल्याला अडवतात ती साखळी.

ऑगस्ट २०२२

शकीमने निवृत्ती जाहीर केली. २७ वर्षांचा आहे. सिॲटलकडून तीन हंगाम, ४६ सामने, मागच्या वर्षी मायामीच्या सराव संघात.

मी गावी आले आहे. सकाळी नानांना शोधत तालमीकडे गेले. पोरांचा सराव चालू होता आणि नाना मातीत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अंगात नुसती बनियन. चढाईला आलेल्या पोराच्या कमरेत डावं मनगट अडकवून उजव्या हाताने त्याची मांडी कशी ओढून घ्यायची ते दाखवत होते. पोरगं दाणकन आपटलं, उठलं, म्हणालं, "नाना, परत एकदा."

काकू सांगत होत्या, त्या जानेवारीपासूनच जायला लागले, तुला सांगू नको म्हणाले.

सराव संपल्यावर कट्ट्यावर बसलो. निवृत्तीचं सांगितलं. नानांनी पायाची माती झाडली, किती वर्षं खेळला ते विचारलं, बोटांवर मोजलं.

"गुडघं बरं हायत न्हवं तेचं?"

"असतील, नाना."

"इचार कुणाला तरी," म्हणाले, आणि धारेची वेळ झाली म्हणून उठले.