डुगडुगणारी हॅट

काकूंनी हॅट टेबलावर ठेवली आणि ती डुगडुगली. समोरची बाजू दाबली की मागची उचलायची, मागची दाबली की पुढची. हॅट बनवायच्या माझ्या वर्गात सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दोन दिवस बसून त्यांनी ब्रिमवर, म्हणजे हॅटच्या बाहेर पसरलेल्या काठावर, रेशमाच्या चुण्या घातल्या होत्या, इतक्या बारीक की टाका शोधूनही सापडत नव्हता.

"मॅडम, आतून अस्तर लावलं की बसेल ना ती?"

नाही बसणार, हे मला दिसत होतं. आत तारेचा सांगाडा असतो. कापड तारेला ओढून सरळ करत नाही, तार कापडाला आपल्या आकारात ओढते. हे मी पहिल्याच तासाला सांगितलेलं. पण सांगाडा तयार झाला तेव्हा मी तो हातात उचलून, फिरवून बघितला आणि "छान झालाय" म्हणून पुढे गेले. टेबलावर ठेवून बघितलाच नाही. ती चूक माझी होती आणि तिची किंमत काकूंचे दोन दिवस होती. मी तसं त्यांना तिथेच सांगितलं.

मग शिवण उसवायला बसलो, दोघी मिळून.

तारेच्या हॅटचा सांगाडा दिसायला सोपा असतो. डोक्याच्या मापाचं एक कडं, त्यातून बाहेर निघणारे आठ आरे (पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि मधल्या चार तिरक्या जागी), आणि त्यांच्या टोकांना बांधून घेणारं ब्रिमच्या कडेचं मोठं कडं. डोक्याचं कडं गोल नसतं, लांबट असतं, कारण डोकं पुढून मागे जास्त लांब असतं. नवी माणसं इथेच चुकतात, गोल कडं करतात आणि मग हॅट कपाळाला रुतते. काकूंचं कडं मात्र अचूक होतं. ब्रिमची कड लांब झाली असेल तरीही ती लाटेसारखी वर-खाली होते, म्हणून आधी टेप लावला. मापही बरोबर निघालं.

उरला त्या कडेच्या तारेचा जोड. मागच्या बाजूला तारेची दोन टोकं एकमेकांवर दोन इंच चढवून धाग्याने घट्ट गुंडाळली होती. काकूंनी धागा कापला आणि टोकं टणकन सुटली. एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं दोन बोटं वर जाऊन थांबलं.

मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. काकू काही न बोलता त्या टोकांकडे बघत राहिल्या. पीळ तारेतच होता आणि जोडाने तो आत कोंडून ठेवला होता. इतके दिवस ती तार सुटायला बघत होती.

आमची तार सुती धाग्याने गुंडाळलेली पोलादी असते आणि वेटोळ्यात येते. वेटोळ्याचा बाक तिच्या अंगात मुरलेला असतो. तो आधी काढायचा: अंगठा आणि पहिल्या बोटात तार धरायची, बाकाच्या उलट दिशेला हलकं दाबत सरकवत न्यायची. जोर लावायचा नाही, नाहीतर कोपरा पडतो, आणि एकदा कोपरा पडला की तो कधीच पूर्ण जात नाही. बोटं गरम होतात. तीन-चार फेऱ्यांनंतर तार टेबलावर टाकली की सरळ पडून राहिली पाहिजे. काकूंनी ती सरळ केली होती, पण जोडताना टोकं जुळवायच्या नादात एक टोक बोटात फिरलं होतं. अर्धा फेरा असेल फार तर.

बॉनेटमध्ये, म्हणजे हनुवटीखाली बांधायच्या टोपीत, असं लपत नाही. तिथे ब्रिम मानेकडे उघडी असते, कडं पूर्ण होतच नाही, त्यामुळे पीळ असला तर एका गालाकडची बाजू लगेच फाकते. म्हणून पुढच्या वर्गापासून मी आधी बॉनेट शिकवणार आहे. आणि प्रत्येक रिकामा सांगाडा कापड चढवण्याआधी रात्रभर टेबलावर राहील.

काकूंनी नवी तार घेतली. बाक काढला, कडं वळवलं, आणि जोडायच्या आधी टोकं नुसती शेजारी ठेवून हात काढून घेतले. टोकं जागची हलली नाहीत. मग दोरा गुंडाळला. आरे बांधले, प्रत्येक गाठ पक्कडीने दाबली.

रेशमाचा प्रश्न होताच. रेशमात सुईचं भोक राहतं, ते बुजत नाही. मी म्हटलं, नवं कापड घेऊ. त्यांनी मान हलवली आणि जुनं कापड उजेडाकडे धरलं. भोकांची एक बारीक ओळ दिसत होती. "चुणी अर्धं बोट पुढे घेतली तर ही आत जाईल," म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.