शिंक्याची थोरली बहीण

ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत मॅक्रमेची, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून वस्तू करण्याची, साथच आली होती. बाल्कनीत कुंडीचं शिंकं, दिवाणखान्यात लाकडी मण्यांच्या डोळ्यांचं घुबड आणि जागा असेल तर झोपाळा. दुपारची झाकपाक झाली की बायका खिडकीच्या गजाला दोऱ्या अडकवून बसायच्या. बघून बघून मलाही एक गाठ येऊ लागली. चार दोऱ्या, मधल्या दोन ताठ. डावी त्यांच्यावरून आडवी न्यायची. उजवी तिच्यावरून घेऊन मधल्या दोघींच्या मागून डावीकडच्या फटीत बाहेर काढायची आणि आवळायची. पुढची गाठ उजवीकडून. बाजू बदलायची राहिली, की पट्टी सरळ न उतरता स्वतःभोवती वळत जाते. आमच्याकडे असं झालं की उसवायला लावत.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जी याच सुमाराला दिल्लीत दोऱ्यांना गाठी मारत होत्या. जन्म मुंबईचा, १९४९चा. वडील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, आई लीला शिल्पकार. शिक्षण बडोद्यात, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. कारागिराचं काम खालचं आणि कलावंताचं वरचं, ही उतरंड त्या गुरूंना मुळातच मान्य नव्हती. बाईंनी दगड, लाकूड सोडून बाजारातली जाडीभरडी दोरी घेतली, ती रंगवली आणि गाठीवर गाठ मारत गेल्या. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही; आत आधाराला धातूचा सांगाडा तेवढा. एकेका शिल्पाला महिनोन् महिने लागत.

१९८४ची त्यांची ‘यक्षी’ माणसाहून उंच आहे. नाव यक्षीचं, पण नाक-डोळे शोधू नयेत. घड्या, पाकळ्या, ओठांसारख्या कडा, मध्येच पोकळी. बाई म्हणावी तर फूल वाटतं, फूल म्हणावं तर जरा भीती वाटते. दोरी स्वतःच्या वजनानं जिथे लोंबते, तिथे तिला लोंबू दिलंय. आम्ही जे उसवलं असतं, त्यातलं बरंच इथे मुद्दाम ठेवलेलं असावं, अशी मला शंका आहे.

हे शिल्प की विणकाम, असा घोळ बरीच वर्षं चालला. मला तो फुकटचा वाटतो. छिन्नी-हातोडा पुरुषाच्या हातात असला की कला आणि दोरी बाईच्या हातात असली की फावल्या वेळचा उद्योग, एवढंच त्यामागे दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१९ साली, त्या गेल्यानंतर चार वर्षांनी.

नंतर त्या मातीकडे वळल्या, मग ब्राँझकडे. ब्राँझची कामंही देखणी आहेत, तक्रार नाही. पण मी दोरीच्या बाजूची. ब्राँझसमोर मी हात मागे बांधून नीट उभी राहू शकते. यक्षीसमोर बोटं आपोआप गाठी मोजायला पुढे जातात, आणि कोपऱ्यातला सुरक्षारक्षक खाकरतो.