उंटावरचा शहाणा

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. एवढं एक वाक्य कुणी मला आधी सांगितलं असतं, तर माझा चष्मा वाळूत गेला नसता. मी पलाणावर ऐटीत बसून बायकोला "काढ आता फोटो" म्हणत होतो, आणि पुढच्या क्षणी माझं नाक उंटाच्या मानेवर. मग पुढचे पाय उठले आणि मी उलटा मागे. उंटवाल्या काकांनी शांतपणे चष्मा शोधला, धोतराच्या टोकाने पुसून दिला. "होता है सा, सबको होता है." बायको खाली उभी राहून हसत होती. फोटो तिने काढला आहेच; तो इथे लावणार नाही.

जैसलमेर तिच्या मनात बरीच वर्षं होतं. माझ्या मनात होता इंदिरा गांधी कालवा. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला किल्ले आणि हवेल्या दाखवून काय उपयोग? पंजाबात हरिकेच्या बंधाऱ्यापासून निघून साडेसहाशे किलोमीटर चालत जैसलमेर जिल्ह्यात येणारा कालवा. १९५८ साली पायाभरणी, आणि १९८७ उजाडताना टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी. आमच्याकडे चाळीस किलोमीटरच्या कालव्यात टेलवाला शेतकरी जन्मभर भांडतो, त्यामुळे हा प्रकार डोळ्यांनी बघायचाच होता. तह असा झाला: दोन रात्री तिच्या, तिसरा दिवस माझा. तिच्या दोन रात्रींपैकी एक वाळूवर उघड्यावर, दुसरी एका ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, त्यांच्याच झोपडीत.

सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो नाही. तिथे तंबूंच्या रांगा आणि रात्री डीजे असतो, असं चार जणांनी सांगितलं होतं. खुरी गावाच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून बरंच आत एक ढाणी मिळाली. जानेवारीचा महिना. पोचलो तेव्हा दुपार होती आणि अंगातला स्वेटर काढावा लागला. रात्री त्यावर आणखी दोन चढवले.

चहा झाल्यावर यजमान म्हणाले, चला घर दाखवतो. घर म्हणजे तीन गोल झोपड्या, शेणामातीने सारवलेल्या, भिंतीवर पांढऱ्या खडूचे मांडणे, म्हणजे रांगोळीसारखी चित्रं, आणि एक नवी दगडी खोली, जिच्यात कुणी राहत नाही. धान्य आणि मोबाइलचा चार्जर ठेवतात. पण त्यांना खरं दाखवायचं होतं ते अंगणापलीकडचं. जमिनीलगत एक गोल चौथरा, त्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप.

टांका.

झोपडीला कुलूप नव्हतं हे मी नोंदवून ठेवलं.

टांका म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. भोवतीची जमीन चोपून, हलका उतार देऊन टाकीकडे वळवलेली असते. तिला आगोर म्हणतात. आगोरात चप्पल घालून जायचं नाही, शेळ्या येऊ द्यायच्या नाहीत. पावसाचं पाणी त्या उतारावरून वाहत येतं आणि भोकांना लावलेल्या जाळ्यांमधून आत उतरतं. हे पाणी म्हणजे 'पालर'. विहिरीचं खोल पाणी इथे बहुतेक खारट. काही जागी वाळूखाली जिप्समचा थर असतो, त्यावर मुरलेलं पावसाचं पाणी अडून राहतं, तिथे अरुंद बेरी खणून ते थेंबाथेंबाने काढतात. या ढाणीखाली तसा थर नाही. मग टांकाच.

माझी बोटं शिवशिवायला लागली. यजमानांना व्यास आणि खोली विचारली. तीन मीटर व्यास, साडेतीन मीटर खोल. म्हणजे काठोकाठ भरला तर जवळपास पंचवीस हजार लिटर. आगोर पावलांनी मोजला, वीस मीटर व्यासाचा निघाला. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटर धरला, निम्मं पाणी वाटेत मुरतं असं धरलं, तर तेवीस हजाराच्या आसपास. कुठल्याही पदवीशिवाय कुणीतरी आगोर आणि टाकीचं माप बरोबर जुळवलं होतं. पुढचा भागाकार मात्र जीवावर आला. पंचवीस हजार भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे दिवसाला अडुसष्ट लिटर. घरात माणसं सात. माणशी दहा लिटरसुद्धा नाही. नोकरीत आम्ही शहरासाठी माणशी १३५ लिटर धरायचो; जल जीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ धरतात. शेळ्यांना आणि धुण्याला वेगळं पाणी आहे, गावात खेळी, म्हणजे जनावरांचा पाण्याचा हौद, आहे, कधी टँकर मागवतात, नळही आला आहे म्हणे. पण पिणं आणि स्वयंपाक टांक्यावरच, कारण नळाचा भरवसा नाही.

"आपके उधर कितनी बारिश होती है?" त्यांनी विचारलं.

माझी शेवटची दहा वर्षं कोकणात गेली. म्हटलं, तीन हजार मिलिमीटर. त्यांना मिलिमीटर कळेना, तर हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं: माणूस बुडून वर आणखी तेवढंच. ते बराच वेळ गप्प राहिले. मग खऱ्या काळजीने विचारलं, "रखते कहाँ हो?"

मेमध्ये तिथल्या वाड्यांवर आम्ही टँकर पाठवायचो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चार वाजता उंट आले. माझ्या वाट्याला बबलू, बायकोच्या वाट्याला एक समजूतदार सांड. सांड म्हणजे उंटीण. आपल्या बखरींतली सांडणी तीच. सांडणीस्वार निरोप घेऊन दौडत आला, हे शाळेत इतक्या वेळा वाचलं होतं की ते सोपं असेल असं वाटायचं. आता त्या स्वारांविषयी माझा आदर शतपटीने वाढला आहे. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे वरचा माणूस होडीत बसल्यासारखा डुलत राहतो. रिकीब नाही, पाय लोंबकळत. अर्ध्या तासात मांड्यांच्या आतल्या बाजूला असे स्नायू सापडले, जे माझ्याकडे आहेत हे साठ वर्षांत कळलं नव्हतं. उंटाच्या नाकात लाकडी खुंटी असते, तिला गिरबाण म्हणतात, आणि तिला बांधलेल्या दोरीला मोरी. आपली मोरी वेगळी. तीही या गोष्टीत पुढे येणार आहे.

तासाभराने मी उतरलो आणि काकांबरोबर चालायला लागलो. या सफरीत मला काही मिळालं असेल तर ते या चालण्यात. वरून वाळवंट म्हणजे नुसतं पिवळं. खाली उतरल्यावर रुईची झुडपं दिसली (तिकडे आक), कडू इंद्रायणाची वाळलेली फळं वाऱ्याने घरंगळत होती, आणि एकटी-दुकटी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि वर्षभर तिच्याकडे बघत नाही. इथे तिचा पाला शेळी-उंटांना, शेंगा माणसांना. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी तीच. माळढोक, म्हणजे इथला गोडावण, दिसेल अशी मला वेडी आशा होती. त्याच्याऐवजी विजेच्या तारा दिसल्या, क्षितिजापर्यंत गेलेल्या. त्याच तारांवर आदळून तो मरतो.

काका कमी बोलायचे. बबलू त्यांचा नाही, मालकाचा. त्यांना महिन्याचा पगार. वडिलांकडे चाळीस उंटांचं टोळं होतं, आता घरात एक नाही. मुलगा जीप चालवतो. देशात २०१२ च्या पशुगणनेत चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं, पुढच्या वर्षी कत्तल आणि राज्याबाहेर नेणं रोखणारा कायदा आला. काकांचं मत उलट होतं: "पहले बिकता था, तो पालते थे." मी सरकारी माणूस, उगाच घसा खाकरला. तुम्ही कधी गेलात तर जास्तीचे पैसे द्यायचे ते उंटवाल्याच्याच हातात द्या, एवढं सांगून ठेवतो.

सूर्यास्त झाला. सगळेच त्याचे फोटो टाकतात, तर तो राहू दे.

रात्रीचा स्वयंपाक काकांनी केला. बाजरीचा सोगरा म्हणजे आपल्या भाकरीचा थोरला भाऊ, जाड, निखाऱ्यावर फुगवलेला. लसणाची चटणी, बटाट्याची भाजी आणि दर तिसऱ्या घासाला वाळूचा एक कण. जेवण झाल्यावर त्यांनी भांड्यांत मूठभर वाळू टाकून खसाखसा घासली, फडक्याने पुसली, झालं. बायकोने एक ताट हातात घेऊन वास घेतला. "अहो, आपल्याकडच्यापेक्षा स्वच्छ आहे हो."

वाळू अंधार पडल्यावर तासाभरात गार होते. रालीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चार थरांत आम्ही शिरलो. डोक्यावर मृग, खाली व्याध, आणि क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे, सगळे एकदम लागणारे आणि एकदम विझणारे. बायकोला त्यांचा राग आला. मला तितका नाही आला, पण झोप लागेपर्यंत मी ते मोजत होतो.

पहाटे तीनला साठीच्या माणसाला उठावं लागतं तसा उठलो. चष्मा उशाशी, बॅटरी बायकोच्या पिशवीत. सभ्यपणे पन्नास पावलं लांब गेलो, वळलो, आणि सगळ्या बाजूंना सारखीच वाळू. तारे म्हणजे नुसता पांढरा भुरका. बायकोला हाक मारायची लाज वाटली. जरा उभा राहिलो, आणि अंधारातून पाण्याचा आवाज आला. घागर विहिरीत बुडताना येतो तो, बुडबुड, बुडबुड. वाळवंटात, रात्री तीनला. मला खरोखर वाटलं की डोकं फिरलं.

तो बबलू होता. हिवाळा उंटांच्या माजाचा काळ. नर तोंडातून गुलाबी फुग्यासारखी पिशवी बाहेर काढतो आणि हा आवाज करतो. काका संध्याकाळी म्हणालेच होते, "मस्ती में है." रात्री उंटांचे पुढचे पाय सैल दोरीने बांधून चरायला सोडतात, पण बबलूला त्या रात्री काकांनी अंथरुणाजवळच बांधलं होतं. त्या बुडबुडीच्या मागोमाग मी गोधडीपर्यंत परत आलो. सकाळी सांड शोधायला काका पायांचे ठसे बघत निघाले ते तासाभराने आले. मला वाटलं पाण्याला गेली असेल. काका हसले. थंडीत हिरवा पाला मिळाला तर दिवसचे दिवस पाणी नको. प्यायला लागली की मग मात्र एका दमात शंभर लिटर. म्हणजे त्या घराचं दीड दिवसाचं.

दुसरा दिवस ढाणीत गेला. यजमानांच्या पत्नी माझ्यासमोर घुंघटात असायच्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बायकोशी मात्र चुलीपाशी बसून दिवसभर बोलत होत्या, अर्धं मारवाडी, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. या घरातलं पाहुण्यांचं सगळं काम त्या आणि त्यांची सून करतात. यजमान गप्पा मारतात. तक्रार नाही, मीही घरी तेच करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी झोपडीच्या दारात वाफाळती बादली आली. पंधरा लिटर. माझ्या डोळ्यांसमोर भागाकार उभा राहिला: दीड माणसाचा दिवस. मी यजमानांना म्हटलं, नको, मी आज अंघोळ करत नाही. त्यांनी बादलीत हात घातला, मान हलवली आणि ती आत नेली. वीस मिनिटांनी पुन्हा आली, आता चटका बसेल अशी. मी पुन्हा हात जोडले. ते बादलीकडे बघत उभे राहिले, मग काही न बोलता गेले.

थोड्या वेळाने बायको आली. केस ओले, डोळे मोठे.

"तुम्ही काय चालवलंय? त्यांना वाटलं पाणी गार होतं. दोनदा तापवलं बिचारीने. लाकडं किती गेली? आणि आता विचारतायत साहेबांची तब्येत बरी नाही का."

मी तिला गणित सांगितलं. माणशी दहा लिटर, वगैरे.

तिने मला हाताला धरून झोपडीमागे नेलं. काट्यांच्या कुंपणाआड एक दगडी फरशी, तीच मोरी. फरशीला उतार, उताराला बोटभर चर, आणि चर गेला होता एका कमरेएवढ्या बोरीपर्यंत. बोरीचं आळं ओलं होतं. बाजूला आणखी एक रोप होतं, त्याचं आळं कोरडं ठणठणीत.

"ही माझ्या बादलीवर भिजली. ही तुमची," ती म्हणाली. "आणि पाणी टांक्यातलं नाहीच, टँकरचं आहे. विचारायचं तरी. उंटावरचा शहाणा."

उताराचा चर माझ्या नजरेतून सुटला, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"साबण लावू नका," जाता जाता तिने बजावलं.

लावला नाही. कढत पाणी मांड्यांवर पडलं तसं मी जोरात कण्हलो, आणि कुंपणापलीकडे दोन बायका हसल्याचं ऐकू आलं. पाणी चरातून हळूहळू जात होतं. उतार साधारण दोनशेला एक असावा.