तासाला प्रभूचं नाव न घेता

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मुलीला यंदा शाळेत नोकरी लागली. उपासना सुटल्यावर तिने मला विचारलं, टीचर, वर्गात प्रभूविषयी बोलायचंच नाही तर आपण विश्वासी असून मुलांना काय उपयोग? तिथे पाळकसाहेबांना भेटायची गर्दी, धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी हार्बर लाइनवरच्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते. वर्गात हिंदू, मुसलमान, बौद्ध, एखादं ख्रिस्ती, सगळीच मुलं. संविधानाचं कलम 28 सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाहीच, आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला त्यात बसवता येत नाही. मला हे मनापासून पटतं. ज्या बाईंच्या हातात आपले मार्क आहेत त्यांना मूल नाही कसं म्हणणार?

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये आपल्या मुंबईतच शारदा सदन ही मुलींची निवासी शाळा काढली, तेव्हा मुलींवर धर्म लादणार नाही असं सांगितलं होतं. स्वतःची प्रार्थना मात्र त्या दार उघडं ठेवून करायच्या, ज्या मुलींना वाटेल त्या येऊन बसायच्या. सदन पुण्याला गेल्यावर 1893 मध्ये यावरून केवढा गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. मी रमाबाईंच्या बाजूची आहे, कारण त्या मुली तिथेच राहायच्या, ते त्यांचं घर होतं, आणि घरात दार लावून प्रार्थना का करायची? पण माझा गणिताचा तास हे घर नव्हे.

मग माझा विश्वास कुठे असतो? सगळ्यात आधी हजेरीपटात. सकाळी वडाळ्याला गाडी बदलताना मी मनात एकेक नाव घेऊन प्रार्थना करते, जो सगळ्यात जास्त डोकं खातो त्याचं आधी, आणि खरं सांगते, ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली त्याच्यावर दुपारी खेकसायला जीभ वळत नाही. एखाद्याच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसली की मी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जाते, बऱ्याचदा आई धुणीभांड्याला गेलेली असते आणि पोरगं धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेलं असतं. बायबलमधल्या लूक 15 मधला मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला निघतो ते मी याच गल्ल्यांमध्ये शिकले.

मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज देतो. अपूर्णांक पाचवीत कळले काय नि आठवीत कळले काय, छेद समान करून बेरीज जमली की मी दोघांच्याही वहीत तितकाच मोठा शेरा लिहिते. आठवीतल्याला "आत्ता कळलं का रे" असं म्हणायचं नाही, हे मी स्वतःला घातलेलं बंधन आहे.

आणि तयारी न करता वर्गात जायचं नाही. याकोब आपल्या पत्रात बजावतो की शिक्षकांचा न्याय जास्त कडक होणार, त्यामुळे फळ्यावर गणित अर्धवट सोडून "बाकीचं घरी करा" म्हणणं हे मला प्रार्थना चुकवण्याइतकंच गंभीर वाटतं.

उद्या चाचणीचे पेपर वाटायचेत. नापास झालेल्यांचे गठ्ठ्यातून वेगळे काढलेत, ते वर्गात नावं पुकारून नाही, मधल्या सुट्टीत एकेकाला जवळ बसवून देणार आहे.