चिकलठाण्याहून परदेशी जाताना मुंबईतली मधली रात्र

संभाजीनगरहून दुबई, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला निघालं की एक रात्र बरेचदा मुंबईत काढावी लागते. संध्याकाळी आपल्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं विमान तासाभरात मुंबईला टेकतं आणि पुढचं असतं पहाटे नाहीतर सकाळी. हॉटेल शोधताना सगळे आधी भाडं आणि फोटो बघतात. मी आधी तिकीट बघतो, कारण कुठं झोपायचं हे बॅगच ठरवते.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगच्या नंबरावर असतील तर चिकलठाण्याच्या काउंटरवर बॅगेचा टॅग नीट वाचायचा. त्यावर दुबईचा डीएक्सबी असेल तर बॅग परस्पर पुढं जाते. नुसता मुंबईचा बीओएम असेल तर ती मुंबईच्या पट्ट्यावर येणार आणि उचलायची आपणच. रात्रभराचा थांबा असला की एकच पीएनआर असूनही काही कंपन्या पुढचा टॅग लावत नाहीत, म्हणून टॅग चिकटवण्याआधीच विचारावं. बॅग पुढं गेली तर रात्रीच्या गोळ्या, चार्जर आणि एक जोड कपडे हातातल्या सॅकमध्येच हवेत.

तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग घेऊन बाहेर यावंच लागतं. आंतरराष्ट्रीय चेक-इन साधारण तीन-चार तास आधी उघडतं. रात्री नऊला सकाळच्या विमानाची बॅग कुणी घेत नाही. ती दिल्याशिवाय इमिग्रेशनकडं जाता येत नाही. म्हणून इमिग्रेशनच्या पलीकडचं, म्हणजे एअरसाइडचं ट्रान्झिट हॉटेल कितीही सोयीचं दिसलं तरी अशा प्रवाशाला उपयोगाचं नाही. त्याच्या कामाचं ते लँडसाइडचं, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडचं. ही हॉटेलं तासांवर खोली देतात. बुकिंग करताना बाजू कुठली ते फोन करून पक्कं करा, पैसे परत मिळवणं फार कटकटीचं असतं.

दुसरी गोष्ट टर्मिनलची. टी-१ सांताक्रूझकडं, टी-२ सहारला. परदेशी विमानं टी-२ वरून सुटतात, पण आपलं विमान कुठं उतरणार ते तिकिटावर बघायचं. दोन्हींमधलं अंतर रस्त्यानं कापावं लागतं. मेट्रो तीनची दोन्हीकडं स्टेशनं आहेत, मधे फक्त सहार रोड. पण सामान सुटसुटीत असेल आणि मेट्रो बंद व्हायच्या आत पोहोचत असाल तरच; नाहीतर टॅक्सी. टी-१ वर उतरलात तरी खोली टी-२ च्या बाजूला, सहार-मरोळकडं घ्या. पहाटे तीनला झोपेतून उठून जायचं अंतर कमी असलेलं बरं.

आता हिशेब. बॅग यायला पाऊण तास, हॉटेल गाठून खोली हातात पडायला तेवढाच, सकाळी परतायला अर्धा तास आणि विमानाआधीचे तीन तास. पाच तास असेच गेले. दोन विमानांमध्ये नऊ तास नसतील तर हॉटेलच्या भानगडीत पडू नये, बाकड्यावर पाय लांब करावेत. आई-वडील लेकाकडं निघाले असतील तर मात्र आठ तासांनाही खोली घ्यावी. व्हीलचेअर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी सांगून ठेवायची, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळी. ती विमानतळापुरतीच, हॉटेलच्या दारात स्वतःच उतरायचं. समृद्धीनं रात्रभर गाडी हाकून थेट सहार गाठणारेही आहेत, पण पुढं विमानात सोळा तास बसायचं असेल तर मला तो शहाणपणा वाटत नाही.

हॉटेलची गाडी टर्मिनलच्या दारात थांबत नाही. बॅग पट्ट्यावरून उचलली की फोन करायचा आणि लेन किंवा खांबाचा नंबर विचारून घ्यायचा. नाश्ता बहुतेक ठिकाणी सातला सुरू होतो. त्याआधी निघायचं असेल तर रात्रीच पार्सल सांगून ठेवा. सोबत परदेशी पासपोर्टवाली नातवंडं असतील तर हॉटेलला त्यांची माहिती सरकारला कळवावी लागते, तेव्हा त्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

खाण्याचं सामान आपल्याकडून हमखास जास्त जातं. धपाटे हातातल्या सॅकमध्ये चालतात. लोणचं आणि तिखटाची पूड तिथं अडतात, ती मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही टाकू नयेत. तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते, मर्यादा १०० ची.

तारखेचा घोळ सगळ्यात महाग पडतो. १५ तारखेचं पहाटे २.३० चं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर. परतताना हाच घोळ उलटा होतो. १५ ला पहाटे तीनला मुंबईत उतरून लगेच झोपायचं असेल तर खोली १४ तारखेची बुक करायची, कारण १५ चं चेक-इन दुपारी दोनला असतं. शिवाय उशिरा येणार असल्याचं हॉटेलला आधी कळवायचं, नाहीतर आला नाहीत म्हणून खोली सोडून देतात. परतीत बॅगेवर पुढचा टॅग असला तरी बहुधा मुंबईतच ती उचलून कस्टममधून काढावी लागते, म्हणून संभाजीनगरचं विमान निदान चार तासांनंतरचं घ्यावं.