कुंभार्ली घाट, दुसरा गिअर आणि आगळाची बाटली

गुहागरहून निघताना सकाळी साडेनऊला गाडीचा रिव्हर्स पडेना. गोष्ट इथूनच सांगायला हवी, कारण क्लच खरा तेव्हाच जायला लागला होता, फक्त मला ते दुपारी अडीचला कोयनानगरच्या एका मिस्त्रीने सांगितल्यावर कळलं.

दिवाळीनंतरचा रविवार. वरच्या पाटातल्या एका घरगुती मुक्कामी तीन दिवस राहिलो होतो, व्याडेश्वर झाला, वेळणेश्वर-हेदवी झाली, लेकीचे किनाऱ्यावर चार किल्ले बांधून मोडून झाले. परतीला डिकीत फणसपोळी, आंबापोळी, दोन असोले नारळ आणि सासूबाईंची खास मागणी म्हणून कोकम आगळाच्या दोन बाटल्या. पैकी एक बाटली डिकीत मावेना म्हणून ती मागच्या सीटखाली आली. ही बाटली लक्षात ठेवा.

तर गाडी अंगणातून मागे घ्यायची, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, आणि रिव्हर्स टाकला की खर्रर्र. पुन्हा टाकला, पुन्हा खर्रर्र. घरमालक काका ओसरीवरून म्हणाले, "गिअरबॉक्सचं ऑइल बघून घ्या हो." मीही मान डोलावली. तिसऱ्यांदा पेडल दोनदा दाबून टाकला तर गुपचूप पडला, म्हणून विषय तिथेच सोडला. गाडी अकरा वर्षांची, डिझेल, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली, अशा गाडीची कुरकुर म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखी, रोज कोण विचारतंय.

वाटेत पायाखालची मॅट ओलसर लागली. चप्पल काढून गाडी चालवायची माझी सवय आहे (आहे वाईट, माहितीये), तर डाव्या पायाच्या बोटांना काहीतरी चिकट, तेलकट लागलं. मी आरशात बघून म्हटलं, "आई, तुमची बाटली गळतेय बहुतेक." सासूबाई म्हणाल्या, "माझी बाटली गळायची नाही." मी म्हटलं गळतेय. बायको म्हणाली चिपळूणला बघू. चिपळूणला मिसळ खाल्ली, बाटली बघायची राहिली.

पोफळी सोडलं की चढ सुरू होतो. ज्यांनी कुंभार्ली बघितला नाही त्यांच्यासाठी, हा चिपळूणहून कराडकडे जाणारा घाट, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून जिथे खाली पश्चिमेला आणून वीज करतात ती पोफळी पायथ्याला आणि ते पाणी जिथे अडवलंय ते धरण वर, म्हणजे तुम्ही तासाभरात त्या पाण्याच्या उलट्या दिशेने चढता. पावसाळ्यात स्वर्ग. नोव्हेंबरातल्या सुट्टीच्या रविवारी मात्र अख्खं पुणे-सातारा एकाच वेळी घरी निघालेलं असतं, पुढे मालट्रक, ट्रकच्या पुढे ट्रक, आणि प्रत्येक वळणावर पाच मिनिटं उभं राहायचं, दहा फूट जायचं, परत उभं राहायचं.

एक गोष्ट तेव्हा झाली जी आठवली की अजून मला माझीच लाज वाटते. ट्रकच्या मागे थांबलो होतो, पहिला गिअर पडलेला, क्लच पूर्ण दाबलेला, पाय ब्रेकवर हलका. आणि गाडी इंच इंच पुढे सरकत होती. मी ब्रेक जरा दाबला आणि मनात म्हटलं, उतार असेल. उतार! कुंभार्ली चढताना! क्लच दाबलेला असताना चढावर गाडी सरकायचीच तर मागे सरकायला हवी, पुढे जातेय म्हणजे पेडल दाबूनही इंजिन चाकांना सोडत नाहीये, इतकं साधं. वीस वर्षं गाडी चालवतोय मी.

पुढच्या दोन वळणांनंतर जरा मोकळं मिळालं, दुसरा टाकला, आणि एका उभ्या वळणावर परत पहिला टाकायला क्लच दाबला तर पेडल सरळ जमिनीला टेकलं आणि तिथेच राहिलं. आवाज नाही, वास नाही, डॅशबोर्डवर एक दिवा नाही. पायाखालची पायरीच कुणीतरी काढून घ्यावी तसं. पायाने वर ओढलं तर आलं, दाबलं तर परत खाली, लोण्यात बोट घातल्यासारखं. तेवढ्यात पुढचा ट्रक थांबला, मी ब्रेक मारला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दोन आचके देऊन बंद. मागे हॉर्नचा सनई-चौघडा.

हँडब्रेक ओढला. मागच्या टेम्पोचा क्लीनर न सांगता उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावून मोकळा झाला, ह्या लोकांना बघूनच कळतं. त्यानेच खिडकीतून सांगितलं, "पंपिंग करा सायेब, जोरात, पाच-सात येळा, आन् धरून ठेवू नका, गपकन टाका." केलं. सातव्या वेळेला पेडलमध्ये जरासा जीव आला, तेवढ्यात गिअर काढला, सुरू करून परत पंप मारून पहिला टाकला आणि निघालो. पुढचा सगळा घाट पहिल्या-दुसऱ्यात, पुढच्या ट्रकपासून मुद्दाम लांब राहून, म्हणजे तो थांबला तरी मला रांगत राहता यावं. मधल्या जागेत लोक घुसत होते आणि शिव्याही देत होते. बायको गप्प. सासूबाईंची रामरक्षा सुरू. लेक विचारत होती की गाडी आता मेली का.

घाटमाथ्याला टपऱ्यांसमोर गाडी घातली ती बंद पडूनच थांबली. चहा घेतला. परत पेडल मारलं तर आता पंपिंगलाही काही नाही. शेजारी एसटीचा ड्रायव्हर भजी खात होता, त्याला सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. म्हणाला, "सपाटी आहे ना? पहिल्यात टाका, समोर मोकळं बघा, चावी मारा. स्टार्टरच गाडी ओढतो, सुरू होता होता निघंल. दुसरा टाकायचा तर ॲक्सिलरेटर सोडायचा, गिअर आपसूक सैल होतो, हळूच काढायचा, जरा थांबायचं, मग टाकायचा. जबरदस्ती करायची नाही. थांबायच्या आधी न्यूट्रल." आमच्या गाडीला क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, पण तो स्विच पेडलपाशी असतो, त्याला खाली काय चाललंय ह्याचा पत्ता नसतो, मेलेलं पेडल दाबलं तरी तो खूश. चावी मारली, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि चालायला लागली. दुसरा टाकताना एकदा करकरलं, तेवढं चालायचंच. स्टार्टरवर अत्याचार आहे हा, रोज करायची गोष्ट नाही, पण कोयनानगरपर्यंत पोचलो.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, समोर उघडलेलं डिझेल इंजिन. मिस्त्री पन्नाशीचा, त्याने बॉनेट उघडलंच नाही आधी. ड्रायव्हरचं दार उघडून सरळ डोकं पेडलखाली घातलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि मला म्हणाला, "हात लावून बघा." पेडलच्या वरच्या बाजूला, जिथून दांडा आत पत्र्यात जातो, तिथे सगळं ओलं. पत्र्यावरून ओघळ आलेला आणि ओघळाच्या वाटेवरचा रंग फुगून पापुद्रे निघालेले. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि ते रंग खातं. बोटाचा वास घेऊन पाहिला, आगळाचा वास नव्हता.

मी विचारलं, क्लच प्लेट गेली का? तो हसला. "प्लेट लय चांगली हाय तुमची. प्लेट सांगून जाते वो. वास मारते, चढाला इंजिन गुरगुरतं आन् गाडी पुढं जात न्हाई, महिना दोन महिने बोंब मारते. हे सील हाय, हे न्हाई बोंब मारत." मग त्याने एका खोक्याच्या पाठीवर आकृती काढून समजावलं. आपण पेडल दाबतो ते वरच्या सिलिंडरमधल्या दट्ट्याला, दट्ट्या तेल ढकलतो, तेल नळीतून खालच्या सिलिंडरला, तो फोर्क ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला, मग प्लेट सुटते. दट्ट्यावर रबरी सीलं असतात, त्याची ओठासारखी कड झिजली की तेल दाबाखाली मागे सटकतं. पटकन दाबलं तर धरतं, सावकाश दाबलं किंवा दाबून धरलं की सटकतं, म्हणून जाममध्ये गाडी सरकते आणि पंप केलं की तात्पुरतं जमतं. आणि क्लच अर्धवट सुटायला लागला की सगळ्यात आधी ओरडतो रिव्हर्स, कारण बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरांना सिंक्रो (दाते अडकायच्या आधी दोघांचा वेग जुळवणारी कडी) असतो, रिव्हर्सला नसतो. "धरणाला भोक पाडून पोफळीला टर्बाइन फिरंल का? तसंच हाय."

मग बॉनेट उघडलं. ब्रेक आणि क्लचला तेलाचा डबा एकच, पण क्लचची नळी वरच्या अंगाला लावलेली, म्हणजे क्लचकडून तेल गेलं तरी खाली ब्रेकपुरतं राहतं. हे कळल्यावर मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. तेलाचा रंग कडक चहासारखा. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, मी कधी बदललं ते मला आठवेना. मोबाईलमध्ये मागच्या सर्व्हिसचं बिल शोधलं तर त्यात ओळ होती, ब्रेक ऑइल टॉप-अप. म्हणजे तेल कमी झालं होतं, कुणीतरी भरलं होतं, आणि गेलं कुठे हे त्यांनीही विचारलं नाही आणि बिल भरणाऱ्या मीही नाही. ब्रेक पॅड झिजले की पातळी जराशी उतरते हे खरं, पण टॉप-अप करायची वेळ आली म्हणजे बघायला हवं होतं.

नुसतं सीलचं किट टाका म्हटलं तर त्याने नाही सांगितलं, वरच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ओरखडे पडलेत, नवं सील महिन्यात कापेल, अख्खा सिलिंडर बदला. वर म्हणाला नशीबवान आहात, काही गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात असतो, तो गळला तर बाहेर दिसतही नाही आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग मुक्काम इथंच. माझ्या वडिलांच्या गाडीला क्लचसाठी तेलाऐवजी केबल होती, तिच्याही तारा आतल्या आत एकेक तुटायच्या आणि शेवटची तुटली की पेडल सैल, पण तिथे निदान तुटकी तार हातात घेऊन शिव्या देता यायच्या.

पार्ट कराडहून येणार, चिपळूणला जाणाऱ्या एसटीत ड्रायव्हरकडे देऊन. म्हणजे दोन-अडीच तास. तोवर शेजारच्या हॉटेलात बसलो. मालक आजोबा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाचं सांगत होते, ते तेव्हा सहा वर्षांचे, बाहेर ओढून काढलं म्हणून वाचले. तळं भरायला लागल्यापासून लहान धक्के बसतच होते म्हणाले, लोकांना सवय झाली होती, भांडी वाजली तरी कोणी उठत नसे.

साडेपाचला एसटी आली, पेपरात गुंडाळलेलं खोकं आलं. सिलिंडर बसवायला अर्धा तास, एअर काढायला त्याहून जास्त. मिस्त्री खाली झोपलेला, बायको ड्रायव्हर सीटवर. "दाबा ताई... धरा... सोडा." नळीच्या टोकाला तेलात बुडबुडे येतात, हवा दबते, तेल दबत नाही, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत पेडल पोकळच लागतं. लेक बुडबुडे मोजत होती, तेहेतीसपर्यंत मोजले. मग एकदा बायको म्हणाली, "आता लागतंय कडक."

पार्ट, तेल, मजुरी मिळून तीन हजाराच्या आत. पैसे देताना मिस्त्री जुना सिलिंडर फोडून मला सीलची झिजलेली कड दाखवत होता, "हे बघा, हितनं गळत हुतं, सील गेलं." मागून सासूबाई आल्या. हातात आगळाची बाटली, टोपणावरची प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी. माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "हेही सील बघून घ्या जावईबापू."