आमची वाटचाल : आधी नमुना, मग चर्चा

आमची फर्म यंत्रभागांसाठी जिग आणि फिक्स्चर बनवते. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, मशीनवर नेमक्या जागी बसवायचा, घट्ट धरायचा आणि शेवटचा भाग पहिल्यासारखाच निघेल अशी सोय करून द्यायची, हे आमचं काम. सुरुवात केली तेव्हा एक जुनी लेथ होती, एक ड्रिलिंग मशीन होतं आणि मनासारखा एक फिटर. ग्राहकाचं ऐकलं की लगेच धातूला हात घालायचा, ही सवय तेव्हापासूनची. फर्म टिकली आणि वाढली ती या सवयीमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

नवं ड्रॉइंग आलं की त्यावर कितीही बोलता येतं. क्लॅम्प कुठून, जॉबची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिना कुठे, चिप म्हणजे धातूचा कीस बाहेर कसा पडणार. हे बोलणं लागतंच. पण पातळ भिंतीचा जॉब क्लॅम्पच्या दाबाखाली किंचित दबतो, त्याच अवस्थेत बोअर, म्हणजे आतलं भोक, गोल होतो आणि क्लॅम्प सोडला की भिंत मागे येऊन तोच बोअर लंबगोल भरतो. किती, ते जॉब प्रत्यक्ष बांधून मोजणीचा डायल लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही आधी माइल्ड स्टीलमध्ये कच्चा नमुना उभा करतो आणि उरलेली चर्चा तो समोर ठेवून करतो. तो ग्राहकाच्या हातात गेला की मीटिंगमध्ये कुणीच न काढलेली गोष्ट निघते : ऑपरेटर जॉब डाव्या बाजूने आत सरकवतो आणि आमचं हँडल नेमकं तिथेच आडवं येतं. जो रोज ते हँडल फिरवणार आहे, त्याला असा नमुना वापरून पाहायला मिळणं हा त्याचा हक्क आहे.

राइट बंधूंची सायकलींची छोटी फर्म होती, त्यामुळे मला ते आपल्यातलेच वाटतात. १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरला तक्त्यांवरून काढलेल्या हिशेबापेक्षा हवेची वर उचलणारी ताकद बरीच कमी मिळाली. तेव्हा त्यांनी लाकडी खोक्यासारखा वातबोगदा बनवला, एका टोकाला पंखा लावला आणि विमानाच्या पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने त्यात तपासले. त्या आकड्यांवर १९०२ चं ग्लायडर झालं आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं इंजिनाचं विमान १२ सेकंदांत १२० फूट उडालं. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात ५९ सेकंद आणि ८५२ फूट. जग ते उड्डाण लक्षात ठेवतं. माझ्या मनात ते खोकं आहे, कारण अडलेला प्रश्न त्यांनी हातात धरता येईल एवढा लहान करून सोडवला.

जिथे मागे फिरता येत नाही तिथे मात्र आम्ही थांबतो. पोलाद हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, गेलं की साध्या ड्रिलने नवं भोक पडत नाही, मुख्यतः ग्राइंडिंगच उरतं. त्याआधी प्रत्येक माप दुसऱ्या माणसाने तपासायचं. कर्ज काढून मशीन घेतानाही हेच. व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचा, विचार सुरू झाला तेव्हा आधी ते काम बाहेर जॉबवर्कला दिलं, काम किती आणि कसलं येतं ते पाहिलं, मग मशीन घेतलं. मोठ्या निर्णयालाही बहुतेक वेळा असं छोटं पहिलं पाऊल सापडतं.

आठवड्याच्या बैठकीत ‘करायला पाहिजे’ एवढ्यावर विषय संपवू देत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या एका लेखात याचा अभ्यास मांडला आहे : नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक करेन’ असं ठरवलं तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते. आमच्या फळ्यावर आता ‘कूलंटकडे लक्ष द्या’ असं कुणी लिहीत नाही. सोमवारी, मशीन सुरू व्हायच्या आधी, टाकी कोण साफ करणार त्याचं नाव असतं. नव्या मुलांना हे मी स्वतः शिकवतो. त्यांच्यात हुशारी भरपूर असते, पण परवानगीची वाट पाहायची सवय त्यांना आधीच कुणीतरी लावलेली असते आणि ती मोडायला वेळ लागतो.

सध्या ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटसाठी हवा ओढून जॉब धरणारं व्हॅक्यूम फिक्स्चर करतोय. पहिल्या नमुन्यात सीलची खाच कोपऱ्यावर फार टोकाची होती, रबर नीट बसेना, तिथूनच हवा शिरत होती. कोपऱ्याची त्रिज्या वाढवलेली दुसरी प्लेट मशीनवर चढली आहे.